गुरुवारची वेणी

निगडी,
गुरुवार, १० जुलै २०२५

ती. आक्का हिस समाधानचा सलाम.

आज सकाळी चहा करून घेतला आणि चाकणच्या बसने महाळुंग्याला गेलो. तळवड्यापुढे ट्रेलर अडकले होते, त्यामुळे उशीर झाला. दुपारी परत आलो, येताना गवार आणली, जेवलो, भांडी घासली. आता तुला लिहायला बसलो आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं वाचायला तू शिकत नाहीस, म्हणून आपलं हेच बरं.

महाळुंग्याला का गेलो ते सांगतो. आपल्या चर्चच्या मंडळीचा सेवा गट आजारी लोकांच्या घरी जातो हे तुला माहीत आहे. अंजली दर गुरुवारी छबूबाई नावाच्या एका म्हाताऱ्या आजींकडे जायची. त्या तिथल्या मूळ गावकरी. शेती कंपन्यांत गेली, उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या आहेत, त्यात परराज्यातले कामगार राहतात. लॉकडाऊनमध्ये गट त्या कामगारांना शिधा द्यायला जायचा, तेव्हा ओळख झाली. पुढे आजी पडल्या, खुबा मोडला. नातू कुलदीप आणि नातसून सायली दिवसभर कामावर. अंजली डबा घेऊन जायची, आजींचे केस धुवायची, तेल लावून वेणी घालायची. मग प्रार्थना करून यायची. सुरुवातीला तिने भीत भीत विचारलं होतं, आजी, प्रार्थना करू का? तर त्या म्हणाल्या, "कर की बाई. तुज्या देवाला बी कळू दे मी हाय अजून."

मे महिन्यात अंजली प्रभूकडे गेल्यापासून तिथे कोणी गेलं नव्हतं. गटाच्या मिनलताई रविवारी मला म्हणाल्या, "काका, त्या आजींना कोणी कळवलंच नाही हो. तुम्ही जाल का? आम्ही गेलो तर त्यांना परक्याकडून कळेल." मी बरं म्हणालो.

सांगायचं ठरवूनच गेलो होतो. दारात पोचलो तर आतून आवाज आला, "कोन? अंजली का?" मी म्हणालो, मी समाधान, अंजलीचा नवरा. त्या उठून बसल्या. "आगं बया, जावई आलं. अन् लेक कुठाय माजी? दीड महिना झाला, तोंड दावलं न्हाई."

आक्का, माझ्या तोंडून निघून गेलं की ती श्रीरामपूरला गेली आहे, माझ्या बहिणीकडे. बहिणीला बरं नाही म्हणून.

पुढच्या गुरुवारी नीट सांगेन. तुझी तब्येत कशी आहे?

तुझा,
समाधान


श्रीरामपूर,
१८ जुलै २०२५

प्रिय समाधान, सलाम.

पत्र मिळालं. माझी तब्येत चांगली आहे. तू मला आजारी पाडलंस तरी चांगली आहे. तुझी बायको माझी सेवा करायला माझ्या घरात येऊन राहिली आहे आणि मला पत्ता नाही, हे एक नवल.

चेष्टा सोड. त्या बाईंना लवकर सांग. एकदा सांगितलेलं खोटं दर आठवड्याला नव्याने सांगावं लागतं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मला हे चांगलं माहीत आहे. तू लहानपणीही असाच होतास. काही मोडलं की सांगायचा नाहीस, नुसता त्या वस्तूजवळ बसून राहायचास.

जेवतोस ना? आयुष हिंजवडीहून येतो का रविवारचा? त्याला म्हणावं आत्याने विचारलं आहे. अंजलीची कपाटातली लुगडी आत्ताच कोणाला देऊ नकोस. मी नाताळच्या सुट्टीत येईन तेव्हा दोघं मिळून बघू.

तुझी,
आक्का


निगडी,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ती. आक्का हिस सलाम.

आज महाळुंग्याला जाऊन आलो. मागचे सगळे गुरुवार गेलो. तुला लिहायला उशीर झाला.

तू विचारशील म्हणून लिहितो, सांगण्याचं काम झालं. आता त्याबद्दल नको लिहूस.

डबा मी करतो. पहिल्यांदा पिठलं नेलं तर आजी म्हणाल्या, "ह्यात डाळीचं पीठ हाय का पाणीच हाय?" आता बरं जमतं. त्यांना भाकरी दुधात कुस्करून लागते.

केसांचं मी टाळत होतो. पुरुष माणसाने दुसऱ्या बाईच्या केसांना हात लावायचा म्हणजे बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी त्या चिडल्या. "डोक्यात जटा व्हायची पाळी आली. कंपनीत इतकी वर्सं लोखंड कातलंस, म्हातारीची येणी घालता येईना व्हय?" मग घातली. त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसलो. टूलरूममध्ये आम्ही वायर पिळायचो, तशी पिळली. त्यांनी हात मागे नेऊन चाचपली आणि म्हणाल्या, "ही येणी हाय का बैलाचं दावं?" बाहेर सायली उभी होती, ती हसत आत आली आणि तिने मला तीन पेड कसे घ्यायचे ते दाखवलं. आता येते. केस फार पातळ आहेत, जोर लावून चालत नाही. आधी खोबरेल कोमट करायचं, टाळूवर घालायचं, मग शेवटापासून विंचरत वर जायचं.

अंजलीचे केस मी एवढ्या वर्षांत कधी विंचरले नाहीत. तसा प्रसंगच आला नाही.

प्रार्थना करायला सांगतात. मला मोठ्याने येत नाही. प्रभूची प्रार्थना म्हणतो, तेवढी पाठ आहे. त्यांना तेवढी पुरते.

तुझा,
समाधान


श्रीरामपूर,
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

प्रिय समाधान, सलाम.

आज दुपारी माझ्याकडे एक मुलगा आला. तिशीतला असेल. शिर्डीचं भाडं घेऊन गाडी आणली होती, तिथून वाट वाकडी करून इकडे आला. चर्चमागच्या गल्लीत कस्तुराबाई शिक्षिका कुठे राहतात, असं तुझ्याकडून ऐकलेल्या खुणेवर विचारत विचारत पोचला. त्याच्या हातात गाठोडं होतं. बोलत होता ते मला ऐकू येईना. मी त्याला आत घेतलं आणि पाटी-पेन्सिल दिली. माझ्याकडे येणारे सगळे पाटीवरच बोलतात.

त्याने लिहिलं, मी कुलदीप, महाळुंग्याचा. अंजलीकाकू कुठं आहेत? आजीने गौरीचं दिलंय.

मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं त्याला चुकून कळलं नसेल. मी म्हणाले, अरे बाळा, ती मे महिन्यातच गेली ना. माझा आवाज किती मोठा येतो ते तुला माहीत आहे. शेजारची बाई खिडकीत आली. तो पोरगा खाली फरशीवर बसला. मग त्याने लिहिलं, समाधानकाका दर गुरुवारी सांगतात त्यांच्या बहिणीकडे आहे, अजून बरं नाही बहिणीला.

म्हणजे तू मला लिहिलंस ते खोटं होतं.

त्याने शेवटी विचारलं, आजीला काय सांगू? मी सांगितलं, तू काही सांगू नकोस. गाठोडं काकूंच्या नणंदेच्या घरी पोचलं एवढंच सांग, ते खोटं नाही. बाकी ज्याने सांगायचं तो सांगेल. त्याने मान हलवली, चहा घेतला, पाया पडून गेला. चांगला मुलगा आहे.

मी फार रागावले होते. त्या रागात मी हे पत्र दुपारीच लिहिणार होते. पण संध्याकाळी गाठोडं उघडलं. त्यात एक हिरवी साडी आहे, खण आहे, डझनभर हिरव्या बांगड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि करंज्या. सणाला लेक माहेरी आली नाही म्हणून तिच्याकडे पाठवतात तसं. मी बांगड्या हातात घेतल्या आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की अंजलीला हाक मारावी, आत स्वयंपाकघरात असेल. तेव्हा तू काय करत होतास ते मला कळलं.

पण समाधान, सांगावं लागेल. तू न सांगितलंस तर त्या दिवाळीला परत पाठवतील.

तुझी,
आक्का


निगडी,
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

ती. आक्का हिस सलाम.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, मी महाळुंग्याहून आल्यावर. म्हणजे कालही मी तेच सांगून आलो होतो. कुलदीप दारात उभा होता. त्याने नमस्कार केला आणि तडक गाडीकडे गेला. मला तेव्हा कारण कळलं नाही.

माझी चूक आहे. तुला खोटं लिहिलं तीही.

मला नीट लिहिता येत नाही, पण प्रयत्न करतो. मंडळीत सगळे भेटतात ते हात हातात घेऊन हळू बोलतात. आयुष फोन करतो तो हळू बोलतो. दुकानदारसुद्धा. घरी तिची चप्पल मी आत ठेवली आहे. सगळीकडे सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्या एका खोलीत कोणाला माहीत नव्हतं. तिथे आजी मोठ्याने म्हणायच्या, "आली की म्हणावं लोणच्याचा मसाला घेऊन ये," "आली की तिला सांग, तुझा नवरा पिठलं पाण्याचं करतो." त्या तिची तक्रार करायच्या, मला तिच्या तक्रारी सांगायला लावायच्या. मी पण सांगायचो. ती मला दर पावसात छत्री विसरतो म्हणून बोलायची, ते सांगितलं. तेवढा वेळ ती चार दिवसांनी परत येणार असायची.

आता येत्या गुरुवारी सांगतो. ती खोली पण मग बाकीच्यांसारखी होईल. होऊ दे. कसं सांगायचं तेवढं मात्र कळत नाही. त्या समोर बघतात तेव्हा माझी जीभ उचलत नाही.

तुझा,
समाधान


श्रीरामपूर,
८ सप्टेंबर

समाधान, घाईत कार्ड टाकते म्हणजे गुरुवारच्या आत मिळेल. शाळेत ज्या मुलाला माझ्या तोंडाकडे बघून खरं बोलता यायचं नाही त्याला मी फळा पुसायला लावायची. पाठमोरा झाला की बोलायचा. तू त्यांच्या मागेच बसतोस ना? तिथूनच सांग. मी प्रार्थनेत आहे. आक्का


निगडी,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आक्का हिस सलाम.

आज पहाटेच जाग आली. चहा केला. बाहेर पेपरवाला येऊन गेला. चर्चच्या भक्तीला अजून वेळ आहे, तोवर तुला लिहून टाकतो.

कार्ड बुधवारी मिळालं. गुरुवारी गेलो. डबा दिला, आजी जेवल्या. मग नेहमीसारखा मागे स्टूल घेऊन बसलो. तेल कोमट करून टाळूवर घातलं, चोळलं, केस विंचरले. दोन पेड झाले, तिसरा हातात होता. मी म्हणालो, आजी, अंजली श्रीरामपूरला नाही. ती मे महिन्यात वारली. झोपेतच गेली. मी तुम्हाला खोटं सांगत होतो.

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग आजी म्हणाल्या, "मे म्हंजी कवा? आखाडाच्या आदी?"

हो म्हणालो.

"म्हंजी आखाड गेला. श्रावण गेला. गौरी येऊन गेल्या. अन् तू माझ्या डोक्याला तेल घालीत बसलास?"

मला आधी कळलं नाही. त्यांनी वेणी माझ्या हातातून ओढून घेतली. "सुतकात तेल घातलंस रे माझ्या डोक्याला. लेक मेलीया माजी, अन् मी येणी घालून, करंज्या खाऊन बसली. येड्या, मला रडू बी दिलं न्हाईस."

आणि आक्का, त्या रडल्या. खाली सरकून भिंतीला टेकल्या आणि हेल काढून मोठ्याने रडायला लागल्या. अगं माझे बाई, अगं माझे अंजले, असं. तिने काय काय केलं ते सगळं म्हणून दाखवत होत्या. तू माझी नखं काढलीस, तू माझं पातळ धुतलंस, तुला माघारी काय बी दिलं न्हाई मी. खोल्यांतले कामगार रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून दारात आले. एक बिहारचा मुलगा घाबरून विचारायला लागला, "क्या हुआ अम्मा?" त्या म्हणाल्या, "बेटी मर गयी मेरी." तो चप्पल काढून आत आला आणि त्यांच्याजवळ बसला. मग बाकीचेही बसले.

आपल्याकडे सगळं फार चांगलं झालं होतं. गाणी झाली, पाळकसाहेब चांगलं बोलले, सगळे म्हणाले ती प्रभूजवळ आहे. मीही तसंच मानतो. पण कोणी असं रडलं नव्हतं. मी उंबऱ्यात बसलो. पुढचं लिहीत नाही.

मी समजत होतो मी त्यांना दुःखापासून वाचवतो आहे. त्यांना ते हवं होतं. ते त्यांचं होतं आणि मी दोन महिने माझ्याकडे ठेवून घेतलं.

रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी तापव. ऐकल्यावर डोक्यावरनं पाणी घ्यावं लागतं." सायलीला कुलदीपने कामावरून बोलावून आणलं. तिने आत अंघोळ घातली, मी बाहेरून गरम पाण्याच्या बादल्या देत होतो. सगळं तेल धुऊन काढलं. ओले केस मोकळे सोडून त्या कॉटवर बसल्या. इतक्या लहान दिसत होत्या. म्हणाल्या, "लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिस. तीन दिस तेल न्हाई, फणी न्हाई. तू बी दाढी करू नगंस. तुझ्या चर्चात असतं का न्हाई मला ठावं न्हाई. माझ्या घरचा जावई हायेस, तवा पाळ."

मी निघताना त्यांना म्हणालो, आजी, पुढच्या गुरुवारी दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो, मी तुम्हाला फसवलं आहे. त्या म्हणाल्या, "फसवलंस खरं. मग त्याची भरपाई कोन करील, तुझा पाळक? गुमान ये. अन् पिठल्यात पीठ घाल." कुलदीप मला फाट्यापर्यंत सोडायला आला. मी उतरताना म्हणाला, "काका, मीच सांगितलं असतं तर आजीनं मला मारलं असतं." मी म्हणालो, मलाही मारायच्या बेतात होत्या. तो हसला.

साडी परत पाठवू नकोस. मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिलेलं माघारी घेत नसतात, नणंदेनं नेसावी. बांगड्या मात्र घालायच्या नसतील तर राहू दे.

सध्या पितृपंधरवडा चालू आहे. उद्या नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात म्हणे. आजींनी कुलदीपकडून निरोप पाठवला आहे की त्या अंजलीचं पान वाढणार आहेत आणि मी यायचं. आपल्यात हे नाही, तुला माहीत आहे. तू काय म्हणशील ठाऊक नाही. मी जाणार आहे.

काल शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये गटाचं शिधा बांधायचं काम होतं, म्हणून गेलो. तांदळाच्या पिशव्या भरत होतो. मिनलताई माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काका, बरं नाही का? दाढी वाढली आहे." पाळकसाहेबही तिथेच होते. मी म्हणालो, बरा आहे, सुतक आहे. एकदम बोलून गेलो. पाळकसाहेबांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "किती दिवसांचं?" मी म्हणालो, तीन, उद्या सुटेल. ते म्हणाले, "बरं." मग आम्ही दोघं मिळून पिशव्यांची तोंडं बांधत राहिलो. मला त्यांचं ते बरं वाटलं.

तिची चप्पल मी आज परत दाराशी ठेवली आहे. तू आलीस की बघू कोणाला द्यायची ते.

आज चौथा दिवस. गॅसवर पाणी तापलं आहे, वाफ यायला लागली आहे. आरसा मोरीत लावून ठेवला आहे. आता दाढी करतो.

तुझा,
समाधान